वन्संचे सोळा चौकोन

आमच्या वन्संइतक्या सुखाने 'नाही' म्हणणारं माणूस मी नाशकात दुसरं पाहिलेलं नाही, आणि नाशकाबाहेर जाऊन शोधावं अशी मला कधी गरज वाटलेली नाही. बाकीचे लोक 'नाही' म्हणताना अडखळतात, कारणं देतात, 'बघू' म्हणून वेळ मारून नेतात. वन्सं 'नाही' म्हणायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जेवण मनासारखं झाल्याचं समाधान पसरायचं. मग चष्मा पुसून त्या पुढच्या कामाला लागायच्या. हे 'नाही' त्यांनी माझ्या सासूबाईंना ऐकवलं, सांगून आलेल्या तीन स्थळांना ऐकवलं, एसटीच्या कंडक्टरला आणि वनखात्याच्या गार्डला ऐकवलं. आणि शेवटी, ज्यांना ते ऐकवायला नको होतं असं अख्खं कॉलेज म्हणत राहिलं, त्या आपल्या गाइड सरांनाही ऐकवलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माझ्या माहेरी देवळ्याला नणंदेला सरळ ताई म्हणतात, पण सासूबाईंना जुन्या रीतीची हौस, म्हणून मी वन्सं म्हणू लागले आणि मग तेच त्यांचं नाव झालं. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या. मुलं त्यांना पाठीमागे 'बुरशीबाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, ही चिडवाचिडवी आहे हे मात्र अखेरपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या लेखी बुरशी हा मानाचा शब्द होता. झाडांच्या बारीक मुळांच्या आत एक बुरशी राहते. झाड पानांत साखर तयार करून तिला देतं आणि ती आपले धागे मातीत दूरवर पसरून झाडाला फॉस्फरस आणून देते. हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, ओट्याशी उभ्या राहून, लसूण सोलता सोलता सांगितलं. माझं लग्न जमलंसुद्धा त्याच बुरशीमुळे. मी पदवीला तृतीय श्रेणीत पास झालेली, सासूबाईंच्या मनात जरा खळखळ होती. वन्संनी विचारलं, मुलगी कांद्याच्या घरची ना? मग काही बघू नका, कांद्याच्या मुळांसारखी बुरशीला जीव लावणारी मुळं दुसरी नाहीत. या एका गुणावर मी त्या घरात आले.

याउलट कोबी, फ्लॉवर, मुळा आणि मोहरी यांना वन्संच्या ताटात जागा नव्हती. या कुळातली झाडं मुळात बुरशीला थाराच देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी एकदा हौसेने कोबीची भाजी केली, मटार घालून. वन्सं म्हणाल्या, "शेजाऱ्याला पाणीसुद्धा विचारत नाही अशी ती भाजी आहे. मी नाही खायची." फोडणीत मोहरी असायचीच, ती त्या एकेक करून ताटाच्या कडेला लावत, आणि सासूबाई ती रांग बघून देवाकडे बघत.

आमच्या स्वयंपाकघरात दोन कुकर होते. एकाच्या झाकणावर लाल ऑइलपेंटने फुली मारलेली होती. त्यात मुळं शिजत. मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळली की काचेसारखी पारदर्शक होतात, मग निळ्या रंगात बुडवली की आतली बुरशी तेवढी निळी दिसते. कॉलेजातला स्टोव्ह नेहमी बिघडलेला असल्याने हे सगळं घरी चाले. फ्रिजमध्ये दुसऱ्या कप्प्यात धुतलेल्या मुळांचे डबे असत, केसांसारखी बारीक, पांढुरकी मुळं. एका दिवाळीच्या सुट्टीत सांगलीच्या मामी आल्या होत्या. दुपारी आम्ही सगळ्या आडव्या झालेल्या बघून त्यांनी चहाबरोबर काही गोड करावं म्हणून एक डबा काढला आणि शेवया समजून मुळं दुधात सोडली. वरून वेलदोडाही घातला. वास जरा वेगळा यायला लागला तेव्हा त्यांनी मला उठवलं. मी ओरडले, सासूबाई पदराने वारा घालू लागल्या, मामी भिंतीला टेकून बसल्या. वन्सं आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि अगदी शांतपणे मामींना म्हणाल्या, "तुम्ही माझा नववा चौकोन शिजवलात." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने त्या नववा चौकोन परत आणायला गेल्या.

त्यांच्या बोटांची टोकं कायम निळी असत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्यावर अक्षता टाकणारा एक निळा हात आहे, लोक अजून विचारतात. सांगून आलेल्या तिसऱ्या स्थळाच्या आईने त्या बोटांकडे बघून, हे धुतल्यावर जातं का, असं विचारलं होतं. वन्संनी जात नाही म्हणून सांगितलं. मग मुलानेच, लग्नानंतर रानात जाणं थांबवाल ना, असं विचारलं, आणि बाकीची बोलणी चहाबरोबरच संपली. वणीच्या गडावर घरची मंडळी दर्शनाला जायची तेव्हा वन्संही येत, पण त्यांची नजर कळसाकडे जायची नाही आणि झाडाच्या शेंड्याकडेही जायची नाही. झाड दिसलं की त्या बुंध्याशी वाकत. वरचं सगळे बघतात, म्हणायच्या.

हे चौकोन काय होते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच घडलं. वणीच्या पुढे हातगडाच्या बाजूला डोंगराच्या उतारावर जांभूळ, ऐन आणि हिरड्याचं दाट रान होतं. तिथे वन्संनी वनखात्याच्या परवानगीने सोळा चौकोन आखले होते, कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकून. चार चौकोनांना काही द्यायचं नाही, चारांना युरिया, चारांना सुपर फॉस्फेट आणि चारांना दोन्ही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर खत द्यायचं, पाऊस सरला की मुळं काढायची आणि बघायचं, की रानाला आयतं खत मिळालं तर झाडं आपल्या बुरशीशी कशी वागतात. गाइड सरांनी कुंडीतल्या रोपांवर असंच काम करून नाव मिळवलं होतं. फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला साखर देणं बंद करतं आणि बुरशी ओसरते, असं त्यांचं सांगणं. डोंगरावरच्या रानात तेच दिसलं की वन्संचा प्रबंध पुरा, आणि प्रबंध पुरा झाला की लेक्चररची जागा. ती जागा तीन वर्षं त्यांची वाट बघत होती.

खत माझ्या माहेरून येई. पहिल्यांदा ते कशासाठी हवंय हे सांगितलं तेव्हा माझे वडील बराच वेळ वन्संकडे बघत राहिले. ते घरी अहिराणीच बोलत. "जंगलले कोनी खत टाकस का?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी सांगितलं, या टाकतात. मग त्यांनी दोन गोण्या मुकाट्याने एसटीच्या टपावर चढवल्या, आणि कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं तेव्हा वन्संनी, हा माल नसून हा प्रयोग आहे, या मुद्द्यावर सटाणा फाट्यापर्यंत त्याच्याशी वाद घातला. फाट्यावर त्याने कपाळावरची टोपी मागे सरकवली आणि तिकिटांची पेटी बंद केली.

वनखात्याच्या गार्डला पक्का संशय होता की ही बाई रानात गांजा लावतेय. महिन्यातून एकदा येणार, खुंट्या ठोकणार, खत घालणार, जमिनीवर पालथी पडून भिंगातून बघणार. दुसरं काय असणार? परवानगीचं पत्र वन्संच्या पिशवीत होतं, पण तो पहिल्या दोन खेपांना नीट बोलला नाही म्हणून त्यांनी ते दाखवलं नाही. तिसऱ्या खेपेला तो हात जोडून म्हणाला की ताई, खरं सांगा, मी कुणाला बोलत नाही. तेव्हा पत्र निघालं. पुढे तोच गार्ड खुंट्या हलल्या की निरोप धाडायचा.

खालच्या पाड्यावरची सोनाबाई मात्र पहिल्या दिवसापासून आमची होती. तिच्या बकऱ्या त्या उतारावर चरत. बकऱ्यांना चौकोनांत येऊ द्यायचं नाही एवढंच वन्संनी तिला सांगितलं होतं, आणि तेच सगळ्यांत कठीण होतं, कारण युरियाच्या चौकोनांत गवत असं माजायचं की बकऱ्या लांबून ओळखायच्या. "बाई, तुमचं काम तुम्हाला नाय कळलं तरी माझ्या बकऱ्यांना लय कळतं," असं ती म्हणायची. वन्संनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं होतं, तारीख घालून.

पहिल्या वर्षी मोजणीतून काही ठरेना. दुसऱ्या वर्षी युरियाच्या चौकोनांत बुरशी थोडी उतरलेली दिसली. फॉस्फेटच्या चौकोनांत ती जशीच्या तशी होती. वन्संना वाटलं, खत पोचलंच नसेल, पावसात उतारावरून वाहून गेलं असेल. माती तपासून आणली. फॉस्फरस मातीत होता, चांगला भरपूर होता, आणि तरी झाडांनी बुरशीला घराबाहेर काढलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी तेच. सरांनी पत्रातून कळवलं की मोजताना माणसाचं मन मध्ये येतं. तुम्हाला कदाचित बुरशीबद्दल जिव्हाळा असल्यामुळे जास्त दिसत असेल.

जिव्हाळ्याचा आरोप वन्संना झोंबला, कारण तो खरा होता. त्या दिवशी त्यांनी मला टेबलाशी बसवलं. मुळं ठेवलेल्या काचेच्या पट्ट्यांवरची चौकोनांची नावं मी पुसायची, त्यांवर मनाला येतील ते आकडे लिहायचे आणि कोणता आकडा कोणत्या चौकोनाचा ते एका वहीत लिहून वही माझ्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवायची, असं ठरलं. वन्संनी काय मोजतोय ते न कळता मोजायचं. आणि त्यावरही त्यांचं समाधान होईना, तेव्हा मीही मोजायचं. सूक्ष्मदर्शकात एक बारीक रेघ असते; ती मुळाला जिथे छेदते तिथे निळा धागा दिसला तर 'आहे' लिहायचं, नाही तर 'नाही'. मी सुरुवातीला एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने बघायचे, डोकं दुखायचं. मग एका सकाळी अचानक दिसलं. पारदर्शक मुळाच्या आत निळ्या झाडाची नक्षी, इतकी बारीक फांदी फांदी फुटलेली, की मी भाजी करपवली. सासूबाई म्हणाल्या, आता ही पण गेली.

तो सगळा हिवाळा आम्ही दोघींनी मोजण्यात घालवला. एकमेकींच्या वह्या बघायच्या नाहीत, जेवताना त्यावर बोलायचं नाही. शेवटच्या दिवशी मी ट्रंकेतली वही काढली. वन्संनी माझे आकडे आणि आपले आकडे शेजारी शेजारी मांडले. थोडा फरक होता, पण गोष्ट तीच होती. युरियाने बुरशी उतरत होती, एकट्या फॉस्फेटने उतरत नव्हती. वन्संनी दोन्ही वह्या मिटून एकावर एक ठेवल्या. मग म्हणाल्या, शैला, सरांकडे तूही चल, वही तुझी आहे.

सरांचं कॉलेज दुसऱ्या गावी होतं. सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला, मला पंख्याखालची खुर्ची दिली, आकडे नीट वाचले. मग कागद जुळवत म्हणाले, "तुमचे फॉस्फेटचे चौकोन बाजूला ठेवा. युरियाचं काम उत्तम आहे. तेवढ्यावर प्रबंध होतो."

"बाजूला कुठे ठेवू, सर? ते डोंगरावर आहेत," वन्संनी विचारलं. थट्टा म्हणून नव्हे. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

सर हसले. कुंड्यांमधून इतकी वर्षं जे दिसत आलं ते त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि कुंडीतलं खरंच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, असं सांगितलं. पण मी कुंडीत गेले नव्हते, म्हणाल्या. सरांनी विचारलं, मग बुरशी का टिकली ते सांगा. डोंगरावरची तांबडी माती फॉस्फरस धरून ठेवते म्हणून असेल, वन्सं म्हणाल्या, किंवा झाडांना बुरशीकडून आणखी काही मिळत असेल जे आपण मोजलेलं नाही.

"म्हणजे माहीत नाही."

"माहीत नाही. प्रबंधात तेच लिहिलंय."

"माहीत नाही यावर मी सही कशी करू?"

"मग करू नका, सर," वन्सं म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या 'नाही'नंतर चेहऱ्यावर समाधान आलं नाही. कप उचलून त्यांनी राहिलेला चहा संपवला, बशी पुसून ठेवली, नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. बस नाशकात शिरत होती तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या वाटेने त्या झाडांच्या शेंड्यांकडे बघत होत्या.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. त्यांनी इतकी वर्षं त्या कुकरवरून, त्या बोटांवरून आणि त्या डोंगरावरून मुलीशी भांडण केलं होतं. सगळं ऐकल्यावर त्यांनी ताट वाढलं आणि फोडणीतली मोहरी स्वतःच्या हाताने वेचून काढली. "सही नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "पण चौकोन सोडशील तर याद राख."

प्रबंध तिथेच राहिला. लेक्चररची जागा वन्संच्याच एका विद्यार्थिनीला मिळाली. पुढे ती विभागप्रमुख झाली आणि वन्सं तिला 'मॅडम' म्हणून हाक मारत राहिल्या, जरासुद्धा आवाज न बदलता. कॉलेजातले लोक भेटले की मला बाजूला घेऊन सांगत, तुम्ही तरी समजवा, चार ओळी गाळल्या असत्या तर काय बिघडलं असतं. मी घरी येऊन सांगायचे. वन्सं म्हणायच्या, पदवी त्यांची आहे, ज्याला हवी त्याला देतील. आणि जूनमध्ये पुन्हा गोण्या टपावर चढायच्या. आता दोघींनी जायचं. मी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून गिरमिटाने माती काढायची, वन्सं मुळं वेचायच्या, सोनाबाई बकऱ्यांना दगड मारायची. त्या काळात मला जेवढं सुख होतं तेवढं नंतर झालं नाही.

सात-आठ वर्षांची मोजणी साठल्यावर वन्संनी स्वतःच लेख लिहिला. माझ्या नवऱ्याने तो कंपनीतल्या कम्प्युटरवर टाइप करून आणला. एका नियतकालिकाने परत पाठवला, दुसऱ्याने परत पाठवला. तिसऱ्याने कळवलं की छापू, पण दुसरं नाव ज्यांचं आहे त्यांची पदवी आणि संस्था कळवा. नसेल तर ते नाव आभारांत घालू. दुसरं नाव माझं होतं. मला ते तेव्हाच समजलं. मी म्हटलं, वन्सं, घाला की आभारांत, माझं काय जातंय. वन्संनी संपादकांना एका ओळीचं पत्र लिहिलं, की मोजणी दोघींनी केली आहे, आणि संस्था म्हणून आमच्या कॉलेज रोडवरच्या घराचा पत्ता दिला. लेख तसाच छापून आला, फॉस्फेटच्या चौकोनांसकट, 'कारण अद्याप माहीत नाही' या वाक्यासकट. फारसा कुणी वाचला असेल असं नाही. सर तेव्हा निवृत्त झाले होते. वन्संनी त्यांना एक प्रत पोस्टाने पाठवली, सोबत चिठ्ठीही ठेवली नाही. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. थरथरत्या अक्षरात दोनच वाक्यं होती: वाचलं. मोजणी नीट आहे.

"ते मला माहीत होतं," वन्सं म्हणाल्या. पण कार्ड त्यांनी दोनदा वाचलं.

गुडघे त्यांना आधीपासून त्रास द्यायचे. त्या जाण्याच्या दोन वर्षं आधी आम्ही शेवटचं वर चढलो. तीन ठिकाणी बसून, माझ्या खांद्याला धरून. खत द्यायचं त्यांनी आदल्या वर्षीच बंद केलं होतं आणि आता खुंट्या काढायच्या होत्या. रानात लोखंड सोडून यायचं नाही, असं परवानगीच्या पत्रात लिहिलं होतं आणि वन्संना ते पटलं होतं. सोनाबाई आता म्हातारी झाली होती, तरी तिनेच पहारीने एकेक खुंटी हलवून काढली. बकऱ्या बांधायला होतील म्हणून तिने त्या मागितल्या. वन्संनी दिल्या.

सगळ्या खुंट्या निघाल्यावर आम्ही एका जांभळाखाली बसलो. समोर उतार होता, पाचोळा, करवंदीच्या जाळ्या, आणि झाडं, ज्यांच्यापैकी कुणाला आम्ही काय दिलं होतं आणि कुणाला काही दिलं नव्हतं, ते आता दिसत नव्हतं. सोनाबाईच्या बकऱ्या खुशाल आत शिरल्या होत्या. त्यांना कुणी हाकललं नाही. वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"शैला," त्या म्हणाल्या, "कुठपासून कुठपर्यंत होतं गं आपलं?"

मी हात लांब करून दाखवलं. हिरड्यापासून त्या मोठ्या दगडापर्यंत, की त्याच्याही अलीकडे, मला नीट सांगता येईना, म्हणून मी हात तसाच पुढे नेत राहिले. वन्सं माझ्या हाताच्या दिशेने बघत होत्या. नाशिकची गाडी सव्वातीनची होती. मी तिची आठवण करून दिली नाही.